दीडशेपट लहान, तरी अडखळू नये

बेलापूर स्टेशन बेलापुरात नाही, हे नगर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला एकदा समजावून सांगावे लागते. गाव आहे प्रवरेच्या काठी आणि त्याच्या नावाची पिवळी पाटी उभी आहे श्रीरामपूर शहरात. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला तेव्हा श्रीरामपूर शहर उभे राहायचे होते. जवळचे नाव बेलापूरचे, तेच स्टेशनाला लागले आणि पुढेही राहिले. छोटी रेल्वे करणाऱ्याच्या दृष्टीने हे स्टेशन सोयीचे आहे. महाराष्ट्र एक्सप्रेससारख्या लांब गाड्या इथून जातात, मालगाड्या जातात, आणि पसारा मनमाडसारखा आवाक्याबाहेरचा नाही. हे बेलापूर घरातल्या एका खोलीत उभे करायचे आणि तिथे गाडी मुंगीच्या पावलाने, न अडखळता, रूळ न सोडता फलाटाला लावायची, तर काय काय जुळून यावे लागते, ते पाहू.

पहिला प्रश्न आकाराचा. आपल्याकडे लोकांनी चालती छोटी रेल्वे पाहिलेली असते ती बहुधा पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तिथले मॉडेल एचओ प्रमाणात, म्हणजे मूळच्या ८७ पट लहान आहे. प्रमाण देखणे आहे, पण जागा खाते. जुन्या निळ्या आयसीएफ डब्याची लांबी बफरसकट २२.२९७ मीटर. एचओत एक डबा सव्वीस सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि अठरा डबे व इंजिन मिळून पावणेपाच मीटरच्या वर. बारा फुटी खोलीत ही गाडी नुसती उभीसुद्धा राहत नाही. त्याऐवजी एका फुटाला दोन मिलिमीटर, म्हणजे १:१५२.४ हे प्रमाण घेतले, तर डबा १४६ मिलिमीटरचा होतो आणि अख्खी गाडी पावणेतीन मीटरच्या आत बसते. ब्रिटनमधल्या टू एमएम स्केल असोसिएशनने १९६० पासून हेच प्रमाण जोपासले आहे. मापांच्या बाबतीत शक्यतो ढिलाई नाही, म्हणून या पद्धतीला फाइनस्केल म्हणतात.

इथे भारतीय माणसापुढे एक वेगळीच अडचण येते. बाजारात तयार मिळणारा एन गेजचा रूळ ९ मिलिमीटर अंतराचा असतो. फुटाला दोन मिलिमीटर धरले तर ते झाले साडेचार फूट. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा, १६७६ मिलिमीटरचा. तयार रूळ अंथरला की आपले डब्ल्यूडीएम-२ इंजिन एक पूर्ण फूट अरुंद रुळावर उभे राहते आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते कळले नाही तरी काहीतरी चुकले हे कळते. (बार्शी लाइटवाल्यांचे नशीब मात्र चांगले. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची १८९७ ची ती गाडी अडीच फुटी गेजवर चालायची. १:८७ मध्ये ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणजे बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळपास बेतून दिल्यासारखा बसतो.) बेलापूरसाठी हवे ते गेज नेमके ११ मिलिमीटर. तसा रूळ विकत मिळत नाही, तो हाताने करावा लागतो. आता हाताने करायचाच आहे, तर नीट मापाने का करू नये?

मापांकडे वळण्याआधी वजनाचा हिशेब करून घेऊ, कारण सगळ्या कुरबुरींचे मूळ तिथे आहे. लांबी १५२.४ पटीने घटते तेव्हा वजन त्याच्या घनाने, म्हणजे सुमारे ३५ लाख पटींनी घटते. डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन. प्रमाणात ते उरते सुमारे ३२ ग्रॅम. बारा चाकांवर वाटले तर चाकाला पावणेतीन ग्रॅमसुद्धा येत नाहीत. खऱ्या इंजिनाच्या चाकाखाली नऊ टनांहून अधिक भार असतो. वाटेतला वाळूचा कण त्याखाली चिरडला जातो, तेलाचा थर पिळून निघतो, रूळ किंचित दबून चाकाला जागा करून देतो. आपल्या चाकाखाली यातले काहीच घडत नाही. धुळीचा कण तेवढाच मोठा राहिला आणि त्याला दाबणारे वजन मात्र नाहीसे झाले. शिवाय खऱ्या गाडीला रुळाकडून फक्त आधार हवा असतो. आपल्या गाडीला आधार हवा आणि वीजही हवी, दोन्ही त्याच टाचणीच्या टोकाएवढ्या स्पर्शातून. म्हणून जे काम तिकडे वजन करते ते इकडे भूमितीने करायचे.

सुरुवात चाकाच्या कडेपासून, म्हणजे फ्लँजपासून. खऱ्या चाकाची फ्लँज नवी असताना २८.५ मिलिमीटर उंच. प्रमाणात ती ०.१९ मिलिमीटर होईल. इतक्या कडेला गाडी रुळावर धरून ठेवणे जमत नाही. म्हणून फाइनस्केलवाल्यांनीही इथे तडजोड करून ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवली आहे. बाजारी खेळण्यांत ती याच्या दुप्पटही सापडते आणि तिला जागा म्हणून रूळही उंच करावा लागतो. कोड ८० नावाचा तयार रूळ २.०३ मिलिमीटर उंचीचा असतो. मूळ प्रमाणात तो ३१ सेंटिमीटर उंच झाला! आपल्याकडचा ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर उंच असतो आणि कोड ४० चा बारीक रूळ १.०१६ मिलिमीटर. गुणाकार करून पाहा, फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत येतो. इतके नेमके जुळणारे माप या छंदात क्वचित मिळते.

आता सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा. गाडी अडखळण्याच्या जागा शोधायला गेलो तर दहातल्या आठ सांध्यावरच सापडतील असे माझे मत आहे. एक रूळ दुसऱ्याला जिथे ओलांडतो त्या क्रॉसिंगपाशी फ्लँज जाण्यासाठी रुळात खाच ठेवावी लागते. खाच म्हणजे खड्डाच. बाजारी सांध्यांत ती एक मिलिमीटरच्या आसपास असते. चाक तिच्यावर आले की क्षणभर त्याला खाली आधार नसतो, ते खाली बसते आणि पुढच्या टोकावर, म्हणजे क्रॉसिंगच्या नाकावर, आपटून वर चढते. खडक्, असा आवाज येतो तो याचाच. फाइनस्केलमध्ये खाच ०.५ मिलिमीटर. चाकाची धाव तिच्यापेक्षा बरीच रुंद असल्यामुळे एका रुळाचा आधार सुटण्याआधी पुढच्या नाकाचा आधार मिळालेला असतो. चाकाला खाली बसायला वेळच मिळत नाही. बारीक मापांचा खरा फायदा दिसण्यात नाही, या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे.

पण खाच अरुंद केली की चाकांमधले अंतर काटेकोर ठेवणे भाग पडते. ११ मिलिमीटर गेजमधून दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या खाचा वजा केल्या तर आत राहतात १०.०० मिलिमीटर. खाचेच्या आतल्या बाजूने चाकाला वाट दाखवणारे दोन रूळ, चेक रेल आणि समोरचा विंग रेल, यांच्या पाठींमधले हे अंतर. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर याहून थोडे जास्त हवे, नाहीतर चाके त्या दोन रुळांवर आवळून बसतील. फार जास्तही नको. तेच अंतर आणि एका फ्लँजची जाडी मिळून १०.५० च्या वर गेली की फ्लँज क्रॉसिंगच्या नाकावर जाऊन धडकते आणि गाडी भलत्याच वाटेने निघते. फाइनस्केलच्या प्रमाणित मापांत ब्रिटिश रुळाच्या ९.४२ गेजसाठी चाकांमधले अंतर ८.५१ आहे. तोच ०.९१ चा फरक राखला तर आपल्या ११ साठी ते १०.०९ येते. म्हणजे खेळायला जागा एका बाजूला जेमतेम नऊ शतांश मिलिमीटर. व्हर्नियरवर हे वाचता येते, पण प्रत्येक ॲक्सलला व्हर्नियर लावत बसण्यापेक्षा लेथवाल्याकडून १०.०९ चा पितळी ठोकळा करून घ्यावा. चाके त्याला टेकेपर्यंत दाबायची, एवढेच. त्याच वेळी ११ मिलिमीटरचा गेज आणि खाचेसाठी ०.५ ची पोलादी पट्टीही करून घ्यावी. एमआयडीसीतल्या कारागिराला एवढ्या छोट्या कामाचे थोडे हसू येईल, पण माप तो चुकवणार नाही.

रूळ बसवायला स्लीपर कशाचे? इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तांब्याचा पातळ थर चढवलेली फायबरची पाटी मिळते, सर्किट बोर्डासाठी वापरतात ती. तिच्या पट्ट्या कापल्या की स्लीपर तयार, रूळ त्यावर थेट सोल्डर करता येतो. प्रत्येक पट्टीच्या मधोमध तांब्याला एक चीर द्यायला विसरू नये, नाहीतर दोन्ही रूळ त्याच स्लीपरमधून एकमेकांना भिडतील आणि शॉर्ट होईल. एक रूळ आधी पूर्ण सरळ बसवायचा, दुसरा गेज लावून त्याच्या बरोबरीने. मग नख रुळाच्या डोक्यावरून आणि आतल्या कडेवरून फिरवायचे. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते.

वळणांबाबत स्वतःची समजूत घालावी लागते. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र परवानगीचे वळण १० अंशांचे, १७५ मीटर त्रिज्येचे. आपल्या प्रमाणात ते १.१५ मीटर होते. दहा फूट रुंद खोलीत असे अर्धवर्तुळ कसेबसे बसते, पण बसते. तयार रुळांच्या पेटीतले सर्वांत लहान वळण २२८ मिलिमीटरचे असते, म्हणजे प्रत्यक्षातले ३५ मीटर. त्यावर आयसीएफचे डबे फिरवले तर बफर एकमेकांत अडकतील. सरळ रुळावरून एकदम वळणात घुसू नये, मध्ये वीत-दीड वीतभर हळूहळू वळत जाणारा भाग ठेवावा. खऱ्या रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ उचलतात, तो कँट मी इथे देणार नाही. लांब हलकी गाडी वळणात ओढली की आतल्या बाजूला कलंडायला बघते, आणि कँट त्या कलाला मदतच करतो.

खालच्या फळीची गोष्ट नगरी हवेशी जोडलेली आहे. एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांच्या घरात जाणारा कोरडा उन्हाळा आणि त्यावर लगेच पावसाळ्याचा दमटपणा. तीन मीटरच्या निकल-सिल्व्हर रुळाला २५ अंशांचा फरक पडला की तो सव्वा मिलिमीटरच्या जवळपास वाढतो. प्लायवुड दमटपणाने फुगते-आक्रसते ते वेगळेच, आणि दोघांचा मोसम एक नाही. उपाय साधा आहे. रूळ अर्ध्या मीटरच्या तुकड्यांत घालायचा आणि तुकड्यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवायची. थंडीत काम केले तर फट ठेवावी, मे महिन्यात केले तर तुकडे भिडवून टाकले तरी चालतात. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश लावून घ्यावे, म्हणजे पाणी एकाच बाजूने शोषून ते वाकत नाही. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून खडी चिकटवायची ती सगळ्यांत शेवटी, गाडी महिना-दोन महिने बिनतक्रार चालल्यावर. खडी एकदा घट्ट झाली की खालचा दोष काढायला रूळच उपटावा लागतो.

चाके रुळावर बसली, आता सगळी एकाच वेळी टेकायला हवीत. तीन पायांची तिवई कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचे टेबल डुगडुगते. बोगीच्या, म्हणजे दोन टोकांना फिरत्या चाकगाड्या असलेल्या, डब्याला हाच नियम लावायचा. एक बोगी आडव्या अंगाने डोलू शकेल अशी सैल जोडायची आणि दुसरी फक्त फिरू शकेल इतपत घट्ट. डबा मग तीन बिंदूंवर उभा राहतो. आपले बॉक्सएनसारखे मालडबे बोगीवाले असल्याने आजची मालगाडी करणाऱ्याला हे सोपे जाते. जुने चार चाकी डबे करायचे असतील तर एक ॲक्सल किंचित झुलता ठेवावा लागतो. इंजिनाच्या तीन ॲक्सलांच्या बोगीत गोम मधल्या ॲक्सलची. तो बाकीच्या दोघांपेक्षा केसभर जरी खाली राहिला, तरी बोगी त्याच्यावर सी-सॉ खेळते आणि टोकांची चाके आळीपाळीने अधांतरी होतात. त्याला वर-खाली पाव मिलिमीटर मोकळीक द्यावी. तपासायला आरसा पुरतो. आरशावर बोगी ठेवून चाकाखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवून पाहावा. सरकला तर ते चाक काम करत नाही.

वीज कुठून येते आणि कुठे अडते, ते आता. दोन रुळांतून १२ व्होल्ट येतात, चाकांतून मोटरला जातात. रुळाचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांनी वीज पुढे जाईल असा भरवसा कोणी ठेवतो, आणि वर्षभरात त्यांच्यावर गंज चढतो. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करावी, मग तो तुकडा चार इंचांचा का असेना. जोडपट्टीचे काम रूळ सरळ धरण्याचे, तेवढेच तिच्याकडे राहू द्यावे. क्रॉसिंगचे नाक दोन्ही रुळांपासून वेगळे करून त्याला मायक्रोस्विचमधून वीज द्यावी. सांधा बदलला की स्विच फिरतो आणि नाकाला योग्य रुळाची वीज मिळते. प्लास्टिकचे नाक असलेले तयार सांधे यातून सुटका देतात, पण तेवढी बोटभर जागा वीजहीन राहते आणि गाडी हळू असेल तर नेमकी तिथेच थांबते.

चाकांवरून वीज उचलण्याची जुनी पद्धत म्हणजे चाकाच्या पाठीला टेकणारी पितळी तार. ती चाकाला ब्रेकही लावते. फाइनस्केलवाले त्याऐवजी इंजिनाचा सांगाडाच मधून उभा चिरतात. डावी बाजू डाव्या रुळाची, उजवी उजव्या रुळाची, ॲक्सलच्या मधोमध वीज न जाऊ देणारी नळी. वीज चाकातून ॲक्सलमध्ये आणि ॲक्सलमधून सांगाड्यात जाते, घासणारे वेगळे काही उरत नाही. वाफेचे इंजिन करायचे, समजा डब्ल्यूपी, तर टेंडरच्या चाकांतूनही वीज घ्यावी. त्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये काटकोनाचा फरक असतो. तो सगळ्या ॲक्सलांना अगदी सारखा नसेल, तर दर फेरीला दांडे एकदा अडकतात. त्याचे कारण विजेत शोधण्यात आयुष्य जाते.

मोटरकडून आपण किती मागतो, हे आकड्यांत पाहिलेले बरे. डब्ल्यूडीएम-२ चे चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचे, प्रमाणात ७.१७. यार्डात ताशी ५ किलोमीटरने शंटिंग म्हणजे टेबलावर सेकंदाला ९ मिलिमीटर. वर्म गिअर ३० ला १ असेल तर मोटर मिनिटाला सुमारे ७३० फेरे घेते. तेच इंजिन ताशी ११० ने धावले तर १६ हजार. इतक्या लांबच्या दोन टोकांवर सारखीच गुणी मोटर दुर्मीळ. खालच्या टोकाला साध्या मोटरचे चुंबक तिला टप्प्याटप्प्याने धरून ठेवतात, गाडी धक्के खात निघते. कोअरलेस मोटरमध्ये लोखंडी गाभाच नसतो, म्हणून ती पकड जाणवत नाही. बेलापुरात थांबणाऱ्या आणि शंटिंग करणाऱ्या इंजिनाला मी गिअर ४० ला १ देईन आणि वरच्या वेगावर पाणी सोडीन. गाडी निघताना आणि थांबतानाच तर लोक वाकून बघतात.

धावत्या खऱ्या गाडीची वीज गेली तरी ती जडत्वाने लांब जाते. आपली गाडी जागीच थिजते, कारण जडत्वही आकाराबरोबर झपाट्याने घटते. फ्लायव्हील बसवतात, पण सात-आठ मिलिमीटरच्या फ्लायव्हीलमध्ये हळू वेगाला फारसे काही साठत नाही. डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रणाचा, डिकोडर वापरणाऱ्याने कपॅसिटर लावावेत. हजार मायक्रोफॅराडचा साठा १२ व्होल्टवरून ६ वर येईपर्यंत ४० मिलिअँपिअर घेणाऱ्या मोटरला ०.१५ सेकंद पोसतो. ताशी २० च्या प्रमाणवेगाला तेवढ्यात गाडी पाच मिलिमीटर पुढे जाते, धुळीचा डाग ओलांडायला पुरेशी. मात्र कपॅसिटर आधी लावून खराब सोल्डर झाकू नये. आधी त्यांच्याशिवाय गाडी चालली पाहिजे.

वजनाच्या बाबतीत प्रमाणाचा आग्रह सोडून द्यावा. आयसीएफ डबा प्रमाणात ११ ग्रॅमचा भरेल. अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एन प्रमाणात अर्धा औंस आणि लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस वजन असावे. आपल्या डब्याला ते ३८ ग्रॅमच्या आसपास येते. पण अठरा डब्यांना हे लावले तर गाडी पावणेसातशे ग्रॅम होते आणि इंजिन घसरू लागते. बारीक चाके, टोकदार ॲक्सल आणि नीट रूळ असतील तर २० ते २५ ग्रॅमवर भागावे, पण सगळ्या डब्यांना सारखेच. जड डब्याच्या पुढे हलका डबा आला की वळणावर तोच पडतो. इंजिनात मात्र शिशाचे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे कोंबावेत, दोन्ही बोगींवर भार समान ठेवून. चाकांना रबर चढवून पकड वाढवण्याचा मार्ग मला पसंत नाही. तेवढी चाके वीज उचलायची बंद होतात.

उरली धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यातली वाऱ्याबरोबर येणारी माती आहेच, शिवाय ऊस पट्ट्यात गळीत हंगामात बगॅसची काजळी खिडकीच्या गजांवरसुद्धा दिसते. त्यात चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या उडतात आणि त्यांचा काळा थर बसतो. कुठे बसतो ते पाहायचे असेल तर रात्री दिवे मालवून गाडी हळू चालवावी, ठिणग्या जागा दाखवतात. पॉलिश पेपर रुळाला लावू नये. त्याच्या ओरखड्यांत घाण अधिक घट्ट बसते. मऊ सुती फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावा, कोरडा होऊ द्यावा, मग सहा-बी पेन्सिलचे शिसे डोक्याच्या आतल्या कडेवर अगदी हलके फिरवावे. ग्रॅफाइटने वीज सहज जाते आणि ठिणग्या कमी होतात. जास्त लावले तर चढावर इंजिन घसरते. प्लास्टिकची चाके घाण गोळा करून सगळ्या रुळांवर वाटत फिरतात, ती काढून धातूची घालावीत. एका जुन्या डब्याच्या पोटाला फेल्टचा तुकडा लावून सफाईचा डबा करून ठेवावा आणि टेबल आठवडाभर झाकून राहिले असेल तर गाडी काढण्याआधी तो डबा हाताने ढकलत एक पूर्ण फेरी मारावी, सांध्यांवरून दोनदा.